आईची हनुवटी आणि उजेडाचं जाळं

उजेडाने केस घालवायच्या शास्त्रात मांडवा ते रेवस या पट्ट्यात माझा हात धरणारा कुणी नाही! लेझर म्हणजे काय, आयपीएल म्हणजे काय (क्रिकेटचं नव्हे हो!), कोणता उजेड कातडीत किती खोल उतरतो, काय हवं ते विचारा. फक्त हे ज्ञान मला कशापायी झालं, तेवढं विचारू नका. पण तुम्ही विचारणारच! आणि मलाही सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

मी प्रीतम. न्हावा शेव्याला कंटेनरवाल्यांच्या एका ऑफिसात कागद या टेबलावरून त्या टेबलावर सरकवतो. शनिवार आला की बायकोला, म्हणजे पूनमला, घेऊन कोळीवाड्यात आईकडे. माझी आई म्हणजे सगुणा धवलारीण! आमच्याकडे हळदीला धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणारी बाई लागते. तिच्या तोंडून धवला निघाल्याशिवाय नवऱ्याला हळद लागत नाही. एक वेळ भटजी उशिरा आला तर चालतं, धवलारीण उशिरा आलेली चालत नाही. आईने मांडवात सूर लावला, की खाडीत नांगरलेल्या होडीतला झोपलेला खलाशी उठून बसायचा!

गेल्या वर्षी बाबा गेले. वर्षभर आई कुठल्या मांडवात गेली नाही, ते रीतीप्रमाणेच झालं. पण वर्ष सरलं तरी तिच्या तोंडावरचा पदर काही सुटेना. बाजारात मासळी घेऊन बसणं बंद. खळ्यावर सुकट वाळत घालायला तेवढी जायची, तीही पदर दातात धरून. सगळा वाडा म्हणायचा, सगुणेला दुःख आवरत नाही. मीही तेच म्हणायचो.

अशात शेजारची येसूबाई आली. तिच्या नातवाचं, सुजितचं लग्न ठरलं होतं.

"सगुणे, माझ्या सुजितला हळद तुझ्याच धवल्यानं लागंल."

"मी न्हाय येत," आई पदराआडून म्हणाली.

"येत न्हाय म्हंजे? त्याच्या बापाला तूच हळद लावलीस ना गो!"

"न्हाय म्हनलं ना!"

येसूबाई डोळे पुसत गेली. त्या दिवशी जेवताना आईचा पदर घसरला आणि मला दुःखाचं खरं कारण दिसलं. आईच्या हनुवटीवर केस! पांढरे, ताठ, कोळंबीच्या मिशांसारखे!

"आई, ह्या काय गो?"

तिने पदर ओढला. मग बराच वेळ ताटातला भात चिवडत म्हणाली, "तुझा बापूस उपटायचा."

मला एकदम आठवलं. दर रविवारी सकाळी ओट्यावर आई उन्हाकडे तोंड करून बसायची आणि बाबा पायातला काटा काढायच्या चिमट्याने तिच्या हनुवटीत काहीतरी कोरत असायचे. लहानपणी मला वाटायचं, आईला सारखे काटेच कसे लागतात, आणि तेही तोंडाला! तिथेच, हनुवटीच्या मधोमध, गोंदलेला एक हिरवा ठिपका होता. लग्नाच्या वर्षी चौलच्या जत्रेत बाबांनी हौसेने गोंदवून दिलेला. चिमटा खाली ठेवून बाबा त्या ठिपक्यावर बोट टेकायचे आणि म्हणायचे, "गर्दीत हरवलीस तर ह्याच्यावरनं वळखीन!" दर रविवारी तोच विनोद. आणि आई दर रविवारी हसायची.

"मना आता दिसत न्हाय रं," आई म्हणाली. "डोल्यात मोतीबिंदू. बाजारात एक पोरगी हसली. आजीला दाढी हाय म्हनाली. अशा तोंडानं धवला म्हनू?"

पूनम हळूच मला म्हणाली, "अहो, चिमटा घ्या आणि काढून टाका. एवढंसं तर काम."

"चिमटा?" मी खवळलो. "माणूस चंद्रावर गेला आणि तू चिमटा घेऊन बस! आज काढले की पुढच्या आठवड्यात परत हजर. मी कायमचा बंदोबस्त करतो!"

अलिबागला कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. आता आईच्या दाढीबद्दल परक्या माणसाशी कसं बोलायचं? म्हणून म्हणालो, "मित्रासाठी विचारतोय."

डॉक्टरांनी माझ्या शर्टाच्या उघड्या बटणाकडे पाहिलं. "मित्राची छाती की पाठ?"

"हनुवटी."

"अहो, मग दाढी करू दे की मित्राला!"

कसाबसा सावरलो. डॉक्टर मात्र भला माणूस, नीट समजावून सांगितलं. लेझर म्हणजे एकाच रंगाचा उजेड. तो नेमका केसाच्या मुळातला काळा रंग गाठतो, तापवतो, मूळ मारतो. सावळ्या कातडीसाठी त्यातलाही वेगळा, खोल जाणारा. आयपीएल म्हणजे पुष्कळ रंगांचा एकदम लखलखाट, पसरट. त्याची घरी वापरायची यंत्रंही मिळतात.

"म्हणजे लेझर हा गळ आणि आयपीएल हे जाळं!" मी म्हणालो.

"तसं म्हणा. जाळ्यात काय काय येईल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत."

"आणि केस कायमचे जातात?"

"कायमचे म्हणून कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पुष्कळ कमी होतात, पुष्कळ काळ. आणि ऐका, उजेडाला काळं दिसतं. पांढऱ्या केसापुढे दोन्ही आंधळे. मित्राला आधी इथे घेऊन या."

"आणतो!" म्हणून उठलो. आई डॉक्टरपुढे पदर काढेल? मेली तरी नाही. शिवाय गळ आणि जाळं यातून कोळ्याच्या पोराने काय निवडायचं, हे काय सांगायला हवं? मी जाळं मागवलं! पांढऱ्या केसांचा उपायही मला जेट्टीवर उभ्या उभ्याच सुचला. उजेडाला काळं दिसतं ना? मग काळं करू!

यंत्र आलं. त्याचं माहितीपत्रक मी पूनमला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यात होतं, 'टॅटू असलेल्या जागी वापरू नये.'

"ऐक, ऐक! आईला टॅटू!" मी हसून लोळायचा बाकी राहिलो. आमच्या ऑफिसातल्या पोरांच्या दंडावर वाघ-सिंह असतात, ते टॅटू. पूनमही हसली. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही.

रविवारी आईला ओट्यावर बसवलं.

"दुखंल काय रं?"

"छ्या! मुंगी चावल्यासारखं. मग पदर सोडून सुजितच्या हळदीत धवला म्हणशील ना?"

"म्हनेन. तुझ्या बापसाला माझा धवला लय आवडायचा."

एवढं ऐकल्यावर मला आणखीच चेव आला. केसांना लावायचा काळा रंग कालवला आणि जुन्या टूथब्रशने आईच्या हनुवटीला फासला. धुतल्यावर पाहतो तो काय! पांढरे होते तेव्हा निदान लांबून दिसत नव्हते, आता आईला काळीकुळकुळीत दाढी! पूनम तोंडात पदर कोंबून आत पळाली.

यंत्र हनुवटीला लावलं. लाल दिवा. परत लावलं. परत लाल. आईची कातडी जन्मभर खळ्यावरच्या उन्हात रापलेली. इतक्या काळ्या कातडीवर मी चालणार नाही, असं ते यंत्र बिचारं परोपरीने सांगत होतं. यंत्राला अक्कल होती! पण समोर मी होतो. मी पूनमचा पावडरचा डबा आणला आणि आईची हनुवटी पांढरीफटक करून टाकली. कातडी दिसेना, काही दिसेना, फक्त काळे केस वर उभे. हिरवा दिवा! मी जिंकलो!

नेमकी तेव्हाच येसूबाई ओट्याची पायरी चढली. आईचं तोंड बघून तिच्या हातातली टोपली खाली पडली.

"अगो बाय माझे! सगुणे, शिमगा तर कवाच गेला, आता ह्या सोंग कसला गो?"

आणि आई हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा हसली! खळखळून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. येसूबाई हसली, आतून पूनम हसत बाहेर आली. ओट्यावरच्या तीन बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. अहो, मी तिथे थांबायला हवं होतं. काम झालं होतं. पण मला कुठली अक्कल? मी म्हणालो, "आई, डोळे मीट!" आणि बटण दाबलं.

चट्ट!

"आय गो!" आई ओरडली. करपलेल्या सुकटीसारखा वास सुटला. पूनम तांब्या घेऊन धावली आणि आईच्या हनुवटीवर गार पाणी ओतत राहिली. पावडर वाहून गेली आणि तेव्हा मला कळलं, पावडरीखाली मी काय झाकलं होतं. मला न दिसलेला ठिपका उजेडाला बरोबर दिसला होता. केसांचे नुसते शेंडे जळले, मुळं आत पांढरीच. ठिपक्यावर मात्र टरारून फोड आलेला.

आता आईला डॉक्टरकडे न्यावंच लागलं. डॉक्टरांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हा का तुमचा मित्र?"

मी खिशातून यंत्राचं माहितीपत्रक काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"अहो, गोंदण म्हणजे टॅटूच की! आणि केसाला वरून रंग लावून मूळ काळं होतं का?" ते पुष्कळ बोलले. सगळं खरं बोलले. मलम दिलं.

फोड बसला, खपली धरली, खपली पडली. ठिपका तिच्याबरोबर गेला. तिथे एक फिकट, गुळगुळीत जागा तेवढी उरली. त्या सकाळी आईने पूनमला विचारलं, "ठिपका हाय का गो?"

पूनमने माझ्याकडे पाहिलं.

"हाय ना!" मी म्हणालो. "हाय की जागेवर!"

"प्रीतम," आई म्हणाली, "खोटा बोलताना तू लहानपनापासून कान खाजवतोस."

माझा हात कानावरच होता.

ती रागावली असती, दोन शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती नुसती हनुवटीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "आता त्यांनी मना वळखायचा कसा? तिथं लय गर्दी असंल रं."

मी उठून आत गेलो. बाबांच्या जाळी विणायच्या सुया ज्या पत्र्याच्या डब्यात असायच्या, त्यासमोर बसलो आणि रडलो. चांगला घोड्याएवढा माणूस, पण हुंदके देऊन रडलो. डब्यात सुयांच्या खाली चिमटा होता. तो घेऊन बाहेर आलो.

"आई, उन्हाकडं तोंड कर."

तिने केलं. मी पहिला केस ओढला.

"आय गो! तुझ्या बापसाचा हात हलका व्हता."

"शिकीन हळूहळू."

"त्यांनीबी पयल्यांदा रगत काढलेला," आई म्हणाली. मग बाबांबद्दल बोलतच राहिली. वर्षभर न बोललेलं सगळं. मी जळके, अर्धे काळे, अर्धे पांढरे केस एकेक करून काढत होतो आणि ऐकत होतो. तिला उजेड नको होता, यंत्र नको होतं, समोर बसणारं कुणीतरी हवं होतं. हे एवढं साधं मला कळलं नव्हतं. शेवटी एकच केस राहिला, त्या फिकट जागेच्या अगदी कडेला. चिमटा लावणार, तोच आईने माझं मनगट धरलं.

"ह्यो ऱ्हाऊ दे."

"का गो?"

"ठिपक्याच्या जागंवर हाय ना? मंग ऱ्हाऊ दे. वळखाया कायतरी पायजे."

सुजितच्या हळदीला आई गेली. पदर खांद्यावर, तोंड उघडं. तिने धवला सुरू केला आणि मांडव गप्प झाला. आवाज मध्येच एकदा कापला, पण तिने तो सोडला नाही. मी लांब, पाण्याच्या पिंपाजवळ उभा राहून नाक पुसत होतो. तेवढ्यात येसूबाई आईच्या कानाशी वाकली.

"सगुणे, एक ऱ्हायला गो!" आणि तिने चिमटीत तो केस धरला!

"हात लावायचा न्हाय!" मी ओरडलो आणि झेप घेतली. मध्ये हळदीचं ताट होतं, ते मला नंतर कळलं. मी येसूबाईच्या पायाशी पालथा, अंगभर हळद! नवरा कोरडाच आणि मी पिवळाधमक! बेंजोवाले पोट धरून हसत होते. येसूबाईने घाबरून केस सोडला होता. आई डोळे मिटून धवला म्हणतच होती.

तेव्हापासून वाड्यात बोलतात, की प्रीतम आईच्या दाढीला नवस बोललाय. बोलू देत. यंत्र माळ्यावर पडलंय. कुणाला हवं असेल तर घेऊन जा, पण आधी हनुवटी नीट बघा. दर रविवारी मी चिमटा घेऊन ओट्यावर बसतो, बाकीचे काढतो आणि तो एक सोडतो. आता बराच वाढलाय. आई उन्हात बसली की चमकतो. लांबूनसुद्धा दिसतो.