चाळिसावा कप

विमलचं गृहीतक नागपूरच्या वसतिगृहात, पोटभर जेवण झाल्यावर, पलंगावर लोळत तयार झालं होतं: 'नव्या विहिरीमुळे तांड्यातल्या स्त्रियांचा वेळ वाचतो.' ते तिला इतकं आवडलं की तिने त्याखाली लाल शाईने दोन रेघा ओढल्या. तांडा अजून बघायचा होता. साल १९६१. एम.ए.चा प्रबंध मंजूर झाला नाही, तर उमरखेडच्या मामांनी आणलेलं स्थळ मंजूर करायचं, असं बाबांनी बजावलं होतं. या विमलला मी चांगली ओळखते. तिचे गुडघे हल्ली मीच वागवते.

लोहाऱ्यापलीकडच्या बंजारा तांड्यात ती पोचली तेव्हा तिथल्या नायकाने, फुलसिंगने, लगेच बाज टाकली. "सरकारनं विहीर देल्ली, आता तुमी आल्या. अजून काय पायजे!"

चाळीस घरं. प्रत्येक दारात एकच प्रश्न, "नव्या विहिरीमुळे तुमचा वेळ वाचतो ना?" आणि एकच उत्तर, "वाचते जी, लय वाचते!" वर गुळाचा चहा. चहा नको म्हणायची विमलची छाती नव्हती. तीन दिवसांनी चाळीस होकार वहीत आणि चाळीस कप चहा पोटात घेऊन ती परतली.

मार्गदर्शक वामनराव सरांनी कागद चाळले. "चाळीसपैकी चाळीस? अगं, उमेदवाराला स्वतःच्या घरातही एवढी मतं पडत नाहीत. तू विचारलंस की कबूल करून घेतलंस? पुन्हा जा. आणि महिनाअखेर कागद हवेत, नाहीतर वर्ष गेलं."

विमलने एसटीतच डोकं लढवलं आणि प्रश्न सरळ उलटा केला. "नव्या विहिरीमुळे तुमचा वेळ वाया जातो का?"

"जाते जी, लय जाते!" एकोणचाळीस दारांत एकोणचाळीस बायकांनी तितक्याच प्रेमाने सांगितलं. आणि चहा दिला.

शेवटचं घर नायकाच्या म्हाताऱ्या आईचं, धनीबाईचं. तिथे पोचेपर्यंत विमल रडकुंडीला आली होती. "आजी, मागच्या खेपेला वेळ वाचत होता, आता वाया जातो. खरं काय ते सांगा हो!"

"तुले काय पायजे ते सांग, आमी तेच सांगतो. इतक्या दुरून लेकरू येते, त्याले खाली हातानं कायले धाडाचं? घे, चा घे."

विमलने घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं.

"कसा झाला?"

"छान झालाय."

"अजून देऊ?"

"द्या."

धनीबाई इतकी हसली की दंडापर्यंतच्या बांगड्या वाजायला लागल्या. "अवं छोरी, मूठभर मीठ टाकलंय त्यात! बोलली काहून नाई?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मंग? तुले नसतं वाटलं?"

विमलने प्रश्नावली बाजेवर ठेवली. कागदावर नसलेला एक प्रश्न तिला पहिल्यांदाच सुचला. "आजी, तुम्ही पाणी कुठून आणता?"

"नाल्यातल्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यातून. अजून कुठून?"

"आणि विहीर?"

"चाल, पाह्य तरी एकदा."

विहीर वाटेवरच होती. विमल रोज तिच्याजवळून गेली होती, आत मात्र डोकावली नव्हती. धनीबाईने गोटा टाकला. टण्ण!

"खडक लागला, पाणी काई लागलं नाई," ती म्हणाली. "उद्घाटनाच्या पूजेचा फोटो लय झ्याक निंगाला पण."

विमलने प्रबंधाचा विषय बदलला: 'माणसं पाहुण्याला नकार का देत नाहीत?' पहिल्या पानावर पहिली नोंद होती: 'विमल, वय बावीस. चहा खारट. उत्तर: छान. दुसरा कप: घेतला.' वामनराव सर चष्मा पुसेपर्यंत हसले. प्रबंध मंजूर झाला.

उमरखेडचं स्थळ तरीही आलंच. आता नाही म्हणायची मोकळीक होती, पण विमल संशोधक झाली होती. तिने आईची नजर चुकवून पोह्यांत मूठभर मीठ टाकलं. मुलाचे वडील भगवानराव "झकास" म्हणाले. मामा "वा वा" म्हणाले. मुलाने एक घास खाल्ला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "मले त खारट लागून राह्यले."

असा सरळ माणूस पुन्हा मिळणार नाही, असं गृहीतक मांडून विमलने तिथल्या तिथे होकार दिला.

एका बशीवरून निष्कर्ष काढू नये, एवढं तरी सरांकडून शिकायला हवं होतं. साठ वर्षं होऊन गेली. त्याने अजून एकाही भाजीला बरी म्हटलेलं नाही. काल वरणाला नाव ठेवायला जागा नव्हती. तर म्हणाला, ताट तिरपं आहे.