फटफटीची मागची सीट

माझ्या आईचे गुडघे धरलेत हे कळल्यावर शेजारच्या तात्यांनी तेल पाठवलं नाही, की वैद्याचं नाव सुचवलं नाही. ते करवत, हातोडी आणि चार लाकडी ठोकळे घेऊन आले आणि आईच्या बसायच्या पाटाला वीतभर उंचीचे पाय ठोकून गेले. आई उंच झाली, ताट खाली राहिलं. आईने कुरकूर केली, तर दुसऱ्या दिवशी ताटाखाली चौरंग आला. मग चूल खाली वाटायला लागली, म्हणून चुलीखाली ओटा आला. आठवडाभरात आमचं अख्खं स्वयंपाकघर वीतभर वर सरकलं. आणि खरं सांगतो, आईचे गुडघे दुखायचे थांबले! त्यामुळे पुढे तात्यांना कुणी काही बोलायची सोयच उरली नाही.

तात्या म्हणजे शंकर गणपत शेलार, अंबरनाथच्या कारखान्यातले फोरमन. मी मधू, तिथेच हजेरी लिहिणारा कारकून. आमच्या आणि त्यांच्या खोलीत एकच भिंत, आणि त्या भिंतीतून दिवसातून दहा वेळा त्यांचं एक वाक्य ऐकू यायचं : "दोष माणसात नसतो रे, फिटिंगमध्ये असतो!"

हे ते गंमत म्हणून म्हणत नसत. कारखान्यात दोन कामगार रोज भांडायचे, तर तात्यांनी कुणाला समज दिली नाही. दोघांची बाकं चार हात लांब नेऊन ठोकली. भांडण संपलं. मोठे साहेब सारखे चिडतात म्हणून एकदा त्यांच्या खुर्चीचा आखूड पाय गुपचूप बाकीच्यांएवढा करून ठेवला. साहेब तरी चिडतच राहिले. मी डिवचलं तेव्हा तात्या शांतपणे म्हणाले, "अजून तीन पाय तपासायचे राहिलेत."

असा माणूस. पण यांत्रिक डोकं घरात चालवायला गेलं की कसं सपशेल आपटतं, ते मी यांच्याकडेच पाहिलं.

स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली असतील. लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावातून तात्यांनी एक मोटरसायकल आणली. काय धूड होतं ते! निरोप्याची गाडी, शेकडो मैल न थांबता पळायला बांधलेली. टाकी म्हशीच्या पोटाएवढी, दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या झोळ्या, रंग शेवाळी. किक मारली की आमच्या चाळीतली भांडी फळीवरून खाली यायची. मागे बसायला मात्र काही नव्हतं. नुसता लोखंडी सांगाडा.

झालं! कारखान्याच्या कँटीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नाही. गाडीवर पहिलं काम कुठलं करायचं? लेथवाला म्हणे ब्रेक बदला, स्टोअरवाला म्हणे दिवा मोठा लावा. ज्याने आयुष्यात बैलगाडीचा कासरा धरला नाही तोसुद्धा मला टायरांबद्दल सांगायला लागला.

तात्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाले, "पहिलं काम मागची सीट."

"अहो, पण आधी ब्रेक!" मी म्हणालो.

"ब्रेक मी रविवारी सकाळी नीट करीन. सीटला वेळ लागेल. हिला दिवाळीला सोनिवलीला न्यायचंय."

ही म्हणजे आमच्या काकू. सोनिवली त्यांचं माहेर, बदलापूरच्या पलीकडे. अंतर म्हणाल तर काही नाही. पण काकू दोन वर्षं माहेरी गेल्या नव्हत्या. पूर्वी दर दिवाळीला त्यांचा धाकटा भाऊ हरी बैलगाडी जुंपून न्यायला यायचा. हरी तापाने गेला. बैल विकले. घरी म्हातारी आई एकटी उरली, तिचे डोळे अधू. तात्यांनी दोनदा म्हटलं, चल, बदलापूरपर्यंत आगगाडीने जाऊ, पुढे चालत. काकू म्हणाल्या, "पाय दुखतात."

पाय दुखतात! तात्यांना एवढं पुरे होतं. बैलगाडी बंद पडली, म्हणून बायको अडली. दुसरी गाडी आणली की प्रश्न मिटला. फिटिंगच की हो!

श्रावणातल्या पहिल्या रविवारी ते मला धरून उल्हासनगरला घेऊन गेले, कॅम्प एकमध्ये. तिथल्या एका जुन्या लष्करी बराकीत लालचंदभाईंचं वर्कशॉप होतं. लालचंदभाई सिंधमधलं सगळं मागे टाकून आलेले, पण तोंडातला गोडवा आणि हातातली कला घेऊन आलेले. मोटारीची फाटकी गादी अशी शिवत की नवी झक मारेल. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि कपाळाला हात लावला.

"साईं, ये फौज की गाडी है! तू इसका पलंग बनाएगा?"

"पलंग नाही, सीट," तात्या म्हणाले, "पण पलंगापेक्षा कमी नको."

सीट झाली. खाली स्प्रिंगा, वर काथ्या, त्यावर कापूस, त्यावर लाल रेक्झिन. तात्यांनी गाडी काकूंच्या दारात आणून उभी केली. काकू भाकरी थापत होत्या. वाकून एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "मी नाय बसाची. पदर चाकात गेला तं?"

दुसरा नवरा चिडला असता. तात्या खूश झाले! तक्रार म्हणजे त्यांना मेजवानी. पुढचे दोन रविवार लालचंदभाईंच्या बराकीत. मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला बारीक सळ्यांची जाळी बसली, अशी की तिच्यातून सुईसुद्धा आत जाऊ नये. काकू म्हणाल्या, "पाय लोंबतील." पाय ठेवायला फळी आली. "धराचा कुठं?" पितळी कडी आली. "आवाज केवढा तो, कान फुटतील." सायलेन्सरच्या आत आणखी एक नळकांडं गेलं आणि त्या फटफटीचा आवाज म्हातारा खाकरल्यासारखा झाला. माझे सगळे रविवार गेले हो! मी तेव्हा लग्नाचा होतो, मुली बघायच्या सोडून जाळीच्या सळ्या मोजत होतो.

भाद्रपदात तात्यांनी चाचणी घ्यायची ठरवली. काकूंचं वजन त्यांनी नजरेनेच काढलं आणि तेवढ्या वजनाचं तांदळाचं पोतं सीटवर आडवं बांधलं. जाळीची परीक्षा व्हायला हवी म्हणून पोत्याला काकूंचं जुनं लुगडं गुंडाळलं, पदर मुद्दाम सैल सोडला. आणि निघाले बदलापूरच्या रस्त्याने! रेल्वेच्या फाटकाशी गेटमनने पोत्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाईंना बरं नाही का?" तात्या म्हणाले, "तब्येत उत्तम आहे. पदरावर लक्ष ठेव आणि मला सांग."

ही बातमी त्यांच्या आधी घरी पोचली. शेलार फोरमन एका मुक्या बाईला फटफटीवर बांधून बदलापूरला घेऊन गेले, अशा स्वरूपात पोचली. काकू ओसरीवर कमरेवर हात देऊन उभ्या.

"माझा लुगरा पोत्याला नेसवला?"

"चाचणी होती. अगं, पदर जरासुद्धा..."

"पोत्याला एवढा जमतंय तं पोत्यालाच न्या सोनिवलीला!" आणि दार लागलं.

तात्या खिशातून वही काढून लिहायला लागले. मी डोकावलो. लिहिलं होतं : 'तक्रार पाचवी. नीट कळली नाही.'

असं करत दिवाळी आली. गाडी आरशासारखी लखलखत होती, साऱ्या अंबरनाथमध्ये तिच्या सीटची कीर्ती झाली होती, आणि ती सीट कोरी करकरीत. धनत्रयोदशीला तात्या आमच्याकडे येऊन त्यांच्याच उंच पाटावर बसले. तोंड एवढंसं झालेलं. म्हणाले, "वहिनी, आता गाडीत बदलण्यासारखं काही उरलं नाही. तरी ही बसत नाही."

माझी आई तशी कमी बोलणारी. पण त्या दिवशी तिने लाटणं खाली ठेवलं.

"शेलारभावजी, तुम्ही एवढे हुशार, आणि एवढंसुद्धा कळू नये? गाडी नाही म्हणून अडलीय का ती? अहो, लेकीला माहेराहून न्यायला यावं लागतं. मुऱ्हाळी यावा लागतो. दर दिवाळीला हरी यायचा, दारात उभा राहायचा, म्हणून ती जायची. आपण होऊन नवऱ्याच्या मागे बसून कशी जाईल? 'मला न्यायला आता कुणी उरलं नाही', हे ती तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगेल? म्हणून मग पदर आणि पाय आणि कान!"

तात्यांच्या तोंडी फिटिंगचं नाव नाही, हातात वही नाही. चहा तसाच निवला. मग उठले आणि पायांत चपला न घालताच घरी गेले. चपला मीच नेऊन दिल्या.

भाऊबीजेच्या दिवशी उजाडायच्या सुमारास गाडी खाकरली आणि निघून गेली. काकू सडा घालत होत्या. कुठे चाललात हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. आजूबाजूच्या घरांत भाऊ यायला लागले होते. पाट मांडले जात होते. काकू आत जाऊन तांदूळ निवडत बसल्या. निवडलेलेच परत निवडत होत्या, असं आईने मला नंतर सांगितलं.

नऊच्या सुमारास रस्त्यावरून घुंगरांचा आवाज आला.

बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा. छुम् छुम् छुम्, दुडक्या चालीचा. आमच्या चाळीपाशी बैलगाडी यायची बंद होऊन दोन वर्षं झाली होती. काकू तांदळाचं सूप मांडीवरून खाली सांडून दारात आल्या.

फटफटी होती. हँडलला दोन्ही बाजूंनी हरीच्या बैलांच्या घुंगुरमाळा बांधलेल्या. तात्यांच्या डोक्याला फेटा. बांधता येत नव्हता हे लांबूनही कळत होतं. झोळीत भाकऱ्यांचं फडकं.

नंतर कळलं ते असं. पहाटे तात्या सोनिवलीला जाऊन सासूच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आई, हरीच्या जागी मला पाठवता का?" म्हातारीने चाचपत खुंटीवरच्या माळा काढल्या. म्हणाली, "बैल नाय ऱ्हायलं, घुंगरा हायेत. जा बाबा, घेऊन ये तिला."

पण हे नंतर. त्या घटकेला तात्या स्वतःच्या घरात शिरले नाहीत. परक्यासारखे ओट्यावर टेकले, फेटा सावरला आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "सोनिवलीहून आलोय. मुऱ्हाळी. आईंनी पाठवलंय न्यायला."

चाळ गच्च भरलेली. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, घुंगरांकडे पाहिलं. आत गेल्या आणि पाहुण्याला देतात तसा गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला. "दम घे जरा," एवढंच म्हणाल्या. नवऱ्याला 'दम घे'! आणि तात्यांनी मान डोलावून गूळ खाल्ला.

मग काकू गाठोडं घेऊन आल्या. बांधायला वेळच लागला नाही. ते बहुतेक बांधलेलंच होतं. आता कडी, फळी आणि ती महान जाळी यांची परीक्षा म्हणून आम्ही सगळे डावीकडे जमलो. काकूंनी पदर कमरेला घट्ट खोचला, नऊवारीचा कासोटा सावरला, आणि टांग टाकून बसल्या की हो, दोन्हीकडे पाय सोडून, थेट पुरुषासारख्या! भाताच्या खाचरात वाढलेली बाई, तिला आडवं बसायची काय गरज? जाळीला लुगड्याचा वाराही लागला नाही. लालचंदभाईंना मी पुढच्या आठवड्यात सांगितलं तेव्हा ते हसून हसून बाकावर आडवे झाले.

"चल रं," काकू म्हणाल्या. गाडी निघाली. घुंगरं, खाकरणं, लाल सीट, सुटत चाललेला फेटा. चाळीने अशा टाळ्या पिटल्या की एखाद्या नवरदेवाला वाटावं आपली वरात फिकी. माझी आई डोळे पुसत होती आणि मला ओरडत होती, "बघतोस काय, त्यांच्या दाराला कडी घाल!"

दुपारी तात्या एकटेच परत आले. मी चकितच झालो. "काय झालं?"

"हाकललं मला," ते म्हणाले, पण चेहरा फुललेला. "म्हणाली, मुऱ्हाळी असशील तर पोचवून परत जा. आठ दिवसांनी नवरा येईल, त्याच्याबरोबर मी जाईन."

आईने त्यांना आमच्याकडेच जेवायला बसवलं. बासुंदीची दुसरी वाटी झाली तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "तात्या, रागावू नका, पण न्यायला माणूस लागतो ही गोष्ट कुणालाही कळते. तुम्हाला तीन महिने का लागले?"

तात्यांनी वाटी खाली ठेवली. मग आजवर कधी न सांगितलेलं बोलले.

"मी वसतिगृहात वाढलो रे. आईबाप आठवत नाहीत. दिवाळीची सुट्टी लागली की मी फाटकावर चढून बसायचो. कुणाचा टांगा आला, कुणाची बैलगाडी आली, ते लांबून ओळखायचं आणि ओरडून आत सांगायचं. 'जोश्या, तुझे काका आले! पाटला, तुझा भाऊ आला!' ते माझं काम. गाड्या मी इतक्या पाहिल्या की विचारू नकोस. मला वाटायचं, पोरं गाडी आली म्हणून नाचतात."

आईने त्यांच्या वाटीत आणखी बासुंदी वाढली.

"आज सोनिवलीच्या वेशीवर एक पोरगा झाडावर बसला होता," तात्या म्हणाले. "आम्हाला पाहून खाली उडी मारली आणि ओरडत पळाला, 'आजी, तुझी लेक आली, न्यायला गेलेला माणूस घेऊन आला!' मधू, तो मला माणूस म्हणाला रे. गाडीचं नावसुद्धा घेतलं नाही."