डोळे मिटून दिलेलं मत

"दिवा मालवला, राजा, आता पापणी मालव;
अंधाराच्या होडीला स्वप्नाचं वल्हं लाव!"

माझी आई रोज रात्री दिव्यावर फुंकर घालता घालता हे म्हणायची. आवाज असा, की सायीवरून बोट फिरावं. दुसरी ओळ संपायच्या आत मी गाढ! आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण तिचं लेकरू इतकं आज्ञाधारक निघालं, की अंधार झाला रे झाला की अजूनही त्याची पापणी मालवते. मग तो अंधार घरातला असो, बोगद्यातला असो, नाहीतर तिकीट काढून विकत घेतलेला असो!

विकत घेतलेला अंधार म्हणजे थेटरातला. तिथले दिवे विझतात आणि त्यांच्याबरोबर मीही विझतो.

तरीही छातीठोकपणे सांगतो, आमच्या गल्लीत सिनेमावर मत द्यावं तर मीच! माझं चष्म्यांचं दुकान आहे. काचा बसेपर्यंत गिऱ्हाइकाला टेकायला एक बाक ठेवलाय. सोमवारी सकाळी त्या बाकावर ज्याला दिसत नाही तोही येतो आणि ज्याला सगळं स्वच्छ दिसतं तोही येतो. रविवारी पाहिलेल्या सिनेमाची तिथे चिरफाड होते. शेजारचा सलूनवाला तर गिऱ्हाइकाची एकच बाजू भादरून पळत येतो.

"पहिला भाग रेंगाळला जरा," सलूनवाला सुरुवात करतो.

"पण मध्यंतरानंतर काय पकड घेतलीय!" मी.

"शेवट मात्र कळला नाही."

"शेवट प्रेक्षकावर सोडलाय!" मी. हे वाक्य कुठल्याही सिनेमाला बसतं, सैल फ्रेम कुठल्याही नाकावर बसते तसं. पुढे घसरते, पण बसते.

आता मला गोष्ट कळते कुठून? हिच्याकडून! रविवारी स्कूटरवरून घरी येताना ही मागे बसून माझ्या कानाशी अख्खा सिनेमा सांगते. वारा असतो, हेल्मेट असतं, कुत्री मागे लागलेली असतात, पण हिची गोष्ट नदीसारखी आपली चाललेली. थेटरात डुलकणारा मी स्कूटरवर मात्र टक्क जागा!

परवाच्या रविवारी आम्ही 'दोन चमचे' पाहिला. म्हणजे हिनं पाहिला.

"अहो, एक घड्याळजी असतो," ही सांगू लागली. "एकटा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्याच्याकडे एक बाई येते, दर आठवड्याला, तेच घड्याळ घेऊन. 'बंद पडतंय हो,' म्हणते. घड्याळ असतं ठणठणीत! तो ते उघडतो, आत फुंकर मारतो, परत देतो. ती पुढच्या आठवड्याला पुन्हा हजर. मग एक दिवस तो धीर करून तिला चहाला विचारतो. ती म्हणते, 'साखर दोन चमचे.' संपला सिनेमा."

"एवढाच?"

"एवढंच तर जमत नाही माणसांना," ही म्हणाली.

सोमवारी मी बाकावर तो घड्याळजी असा उभा केला, की सलूनवाल्यानं डोळे पुसले. "ती फुंकर मारतो ना, तो शॉट! काल मी पाहताना रडलोच हो!" तो म्हणाला.

दारात समोरचे औषधवाले काका उभे होते. उंच, वाळके, इंजेक्शनच्या सुईसारखे सरळ. विधुर माणूस, सिनेमाच्या वाटेला कधी न जाणारा. सलूनवाला गेल्यावर ते आत आले आणि उगीचच एका फ्रेमची दांडी उघडमीट करू लागले.

"तो घड्याळजी विचारतो का रे शेवटी?"

"विचारतो!"

"आणि ती हो म्हणते?"

"दोन चमचे म्हणते!"

काकांचे कान लाल झाले. "मी म्हणत होतो... कुणाला तरी सिनेमाला विचारावं."

आणि त्यांची नजर गेली ती त्यांच्याच दुकानाशेजारच्या जिन्यावर. वरच्या मजल्यावर गाण्याच्या बाई राहतात. एकट्याच. दिवसभर मुलींचे सूर सरळ करतात आणि आठवड्यातून एकदा खाली येऊन काकांकडून घशाच्या गोळ्या नेतात.

"अहो काका, मग विचारा की!"

"रक्त, मारामारी, काही नाही ना त्यात? हे बघ, मला एवढं धाडस पुन्हा व्हायचं नाही. एकदाच होईल."

"डोळे मिटून जा!" मी म्हणालो.

गेले बिचारे. बुधवारी संध्याकाळी, बाईंना घेऊन, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

गुरुवारी सकाळी मी दुकान उघडतोय तोच काका वादळासारखे शिरले.

"घड्याळजी कुठाय?" त्यांनी काउंटरवर असा हात आपटला की फ्रेमांची अख्खी ओळ खाली आली. "त्या सिनेमात कुणाच्या मनगटालासुद्धा घड्याळ नाही!"

"मग काय आहे?"

"औषधवाला आहे! विधुर औषधवाला! तीन बायका करतो आणि तिघींना मारतो! कशानं? खोकल्याच्या औषधानं! रोज रात्री दोन चमचे! अरे, नावावरून तरी मला कळायला हवं होतं, दिवसभर तेच तर सांगतो मी लोकांना!"

मी काकांपुढे बाक सरकवला.

"मागून कुणीतरी ओरडलं, 'काका, आमच्या सिरपात काही घातलं नाही ना?' अख्खं थेटर हसलं! बाई मात्र गार. पहिली बायको तडफडायला लागली, तशी मी हळूच बघितलं, तर यांनी डोळे घट्ट मिटलेले आणि डोकं माझ्या खांद्यावर कलंडलेलं. भीतीनं! मी हललो नाही की खोकलो नाही. म्हटलं, हात जरा उचलला तर वाटायचं, आता हा गळ्याकडे येतोय! मध्यंतराला दिवे लागले. दचकून उठल्या, माझ्याकडे असं बघितलं, पर्स उचलली आणि गेल्या. एक शब्द नाही! आज गोळ्या न्यायचा त्यांचा वार. सकाळी उघडायच्या आधीच येऊन उभ्या असतात. आज आल्या नाहीत."

राग ओसरला तसे ते बाकावर बसले. सुई वाकली. "एकदाच होणार होतं रे मला," हळूच म्हणाले.

आपलं दुकान बंद ठेवून काका तिथेच बसून राहिले. दुपारी ही डबा घेऊन आली, तशी मी हिला मागच्या, काचा घासायच्या खोलीत ओढलं आणि काकांची हकीकत सांगितली.

"घड्याळजी कुठून आणलास?"

"कुठला?"

"दोन चमचेवाला!"

हिनं डबा खाली ठेवला. पदराशी चाळा केला. "मी झोपले होते."

"झोपली होतीस? कधीपासून?"

"पहिल्या सिनेमापासून. तुम्ही इतक्या तालात घोरता, की माझीही पापणी जड होते."

"म्हणजे तो दीपस्तंभावरचा म्हातारा? त्या दोघी जुळ्या? पत्र खाणारी बकरी?"

"सगळे माझेच."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकत होतात," ही म्हणाली. "एरवी कुठे ऐकता?"

तेवढ्यात दारात चाहूल लागली. कात्री हातात धरून सलूनवाला उभा! फुंकरीच्या शॉटला रडलेला! त्यानं आमच्याकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं, "गिऱ्हाईक थांबलंय," म्हणाला आणि वाऱ्यासारखा गेला.

"पण तुला तो घड्याळजी सुचला कसा?" मी विचारलं.

"तुम्ही लोकांचे नंबर काढत असता, तेव्हा मी समोर बघत असते," ही म्हणाली आणि तडक रस्ता ओलांडून गाण्याच्या बाईंचा जिना चढली.

थोड्या वेळानं दोघी दुकानात! काका घाईनं अक्षरांच्या तक्त्यामागे लपायला गेले, पण तक्ता कमरेपर्यंतच येणारा. वर काका, खाली अक्षरं.

बाईंनी मान खाली घातली. "मला क्षमा करा. तुम्हाला तोंड दाखवायची सोय नाही राहिली."

"तुम्ही कशाला? मीच... म्हणजे मी नाही हो! मी कुणालाच मारलेलं नाही!"

"कुणी कुणाला मारलं?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही सिनेमा पाहिला नाहीत?" काका तक्त्यामागून.

"दिवे गेले आणि मला झोप लागली हो! दिवसभर मुलींच्या मागे ओरडून जीव आंबतो. जाग आली तर डोकं तुमच्या खांद्यावर, आणि तुमच्या त्या पांढऱ्या शर्टावर... लाळ! कुठल्या तोंडानं थांबणार?"

"म्हणजे तुम्ही घाबरला नव्हतात?"

"तुमच्याजवळ बसून? कशाला घाबरू?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या अख्ख्या गल्लीत 'दोन चमचे' खरोखर पाहिलेला माणूस एकच, आणि आजवर सिनेमावर एक अक्षर न बोललेलाही तोच!

हिनं मला कोपरानं ढोसलं. मी आज्ञाधारकपणे सकाळपासून पडलेल्या फ्रेमा गोळा करायला खाली वाकलो. सोमवारपासून बाकावर काय बोलायचं, ही चिंता खाली बसूनच केलेली बरी!

वर काकांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. "चहा... चहा घ्याल का?"

"घेईन की. आलं घालायला सांगा, म्हणजे घशाला जरा..." बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगू? माझा घसा कधीच दुखत नव्हता."

"ठाऊक आहे मला," काका म्हणाले. "म्हणून तर इतकी वर्षं मी तुम्हाला नुसत्या पेपरमिंटच्या गोळ्या देतोय!"