शिशाचं सॅम्पल

कुठलीही वस्तू हातात घेतल्याशिवाय मी तिच्याबद्दल मत देत नाही. मग ती भेंडी असो, बेडशीट असो, नाहीतर नात्यातल्या मुलीसाठी आलेलं स्थळ. (स्थळ हातात घेता येत नाही, पण त्याच्याशी हात तरी मिळवता येतो.) या सवयीपायी गेल्या गुरुवारी बहरीनच्या विमानतळावर माझा व्हिसा, माझी नोकरी आणि बहुधा मी स्वतः, असे तिघंही जाता जाता वाचलो.

त्याचं असं झालं. माझा मेहुणा सलील टेक्सासला असतो. त्याला पिस्तुलाच्या नेमबाजीचा नाद आहे, आणि त्यासाठी लागणारी काडतुसं तो घरी बसून स्वतः भरतो. इथे आम्ही दिवाळीचा फराळसुद्धा विकत आणतो आणि हा गृहस्थ काडतुसं घरी करतो. एका शुक्रवारी त्याचा फोन आला. "भाऊजी, शिशाच्या ओतीव गोळ्या घ्यायच्यात. कुठल्या घेऊ? तुमचं मत हवंय."

आता मी बहरीनमध्ये सनदला राहणारा, टाइल्सच्या कंपनीत अकाउंट्स बघणारा माणूस. पिस्तुलाशी माझा संबंध लहानपणीच्या टिकल्यांपुरता, आणि त्यातल्याही निम्म्या मी दगडाने फोडल्या. पण 'मला माहीत नाही' असं म्हणायची मला सवय नाही. मी म्हणालो, "अभ्यास करून सांगतो."

आणि केलाही. व्हिडिओ पाहून पाहून डोळे लाल झाले. त्याच्या पिस्तुलात प्रत्येक बार उडाल्यावर पुढची गोळी आपोआप आत सरकते, म्हणून टोक गोल असलेलं बरं, नाहीतर ती वाटेत अडकू शकते. शिसं फार मऊ असेल तर नळीला आतून त्याचा लेप बसतो. फार कडक असेल तर गोळी नळीत घट्ट बसत नाही. घेर नळीपेक्षा केसभर जास्त हवा. हे सगळं मी रोज जेवताना बायकोला, म्हणजे हेमाला, सांगत असे. ती शांतपणे ऐकायची आणि म्हणायची, "भात वाढू?"

शेवटी सलीलने दोन प्रकारच्या गोळ्यांचे फोटो पाठवले. मी म्हटलं, "फोटोवरून काय कळणार? हातात घेऊन पाहिलं पाहिजे." आणि परदेशातल्या आपल्या माणसांच्या तोंडी जे वाक्य आपोआप येतं तेही जोडलं, "तिकडून कोणी येतंय का?"

बोललो आणि विसरून गेलो. तिकडून येत होत्या हेमाच्या मालूमावशी. सलीलकडचा मुक्काम आटोपून मुंबईला जाताना त्या मधे काही दिवस आमच्याकडे उतरणार होत्या. माझी गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून त्यांना आणायला ऑफिसातला पायस त्याची गाडी घेऊन आला. पायस वसईचा, स्वभावाने देवमाणूस, फक्त धीर देता येत नाही.

आम्ही विमानतळावर उभे होतो आणि सलीलचा मेसेज आला. 'भाऊजी, सॅम्पल मावशीच्या बॅगेत दिलंय. चॉकलेटच्या डब्याखाली आहे.'

मी लगेच तो मेसेज पायसला दाखवला.

"दारू भरलेली आहे काय त्यात?" त्याने विचारलं.

"नाही रे. नुसतं शिसं."

"मशीनमधून बघणाऱ्याला गोळीच दिसणार. तो काय विचारणार, बाबा, नुसती आहे का भरलेली?"

"मग?"

"मग खलास," पायस म्हणाला आणि त्याने छातीवर क्रूस केला.

विमानातली माणसं भराभर बाहेर आली. मग तुरळक आली. मग कोणीच येईना. मालूमावशींचा पत्ता नव्हता. डोळ्यांसमोर दिसायला लागलं, एका खोलीत मावशी बसल्या आहेत, टेबलावर गोळ्या मांडल्या आहेत, आणि त्या सगळ्यांना सांगताहेत की हे आमच्या जावयाने मागवलंय. म्हातारीला माझ्या शहाणपणापायी त्रास, या विचाराने तर रडूच यायला लागलं. मी पायसला म्हणालो, "मी जाऊन कबूल करतो. हेमाला सांभाळ."

दारापाशी गणवेशातला एक तरुण अधिकारी उभा होता. त्याच्यापुढे जाऊन मी ऑफिसच्या इंग्रजीत सुरुवात केली. त्या वृद्ध बाईंचा काही दोष नाही, सगळी जबाबदारी माझी आहे, मला घ्या पण त्यांना सोडा. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "व्हीलचेअर?"

मी त्याच्या मागे पाहिलं. मालूमावशी व्हीलचेअरवर बसून राणीसारख्या येत होत्या. (रोज सकाळी तासभर झपाझप चालतात. पण विमानतळावर व्हीलचेअर घेतली की रांग लागत नाही, हे आपल्याकडच्या सगळ्या मावश्यांना ठाऊक असतं.) "शिरीषराव, किती वाळलात," त्या म्हणाल्या. मी वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ उठलोच नाही.

पण बॅग होतीच. घरी येईपर्यंत ती मी मांडीवर घेऊन बसलो. रस्त्यात पोलिसांची गाडी दिसली की पायस वेग इतका कमी करायचा की मागचे हॉर्न वाजवायचे. घरात शिरलो तसा मी बॅग उघडून चॉकलेटचा डबा बाजूला केला. खाली बदाम होते. बदामाखाली आणखी बदाम होते.

"काय शोधताय?" हेमाने विचारलं.

"ते शिशाचं पुडकं का?" मावशी म्हणाल्या. "ते मी काढून ठेवलं बाई. निघताना बॅग काट्यावर ठेवली तर वजन जास्त भरलं. म्हटलं, एवढंसं पुडकं आणि धोंड्यासारखं जड. त्याच्याऐवजी बदाम घेतले. चुकलं का माझं?"

मी त्यांना पुन्हा एकदा नमस्कार केला. आयुष्यात इतकं हलकं मला क्वचितच वाटलं असेल. पायसने तर हेमाने पुढे केलेल्या डब्यातला तिसरा लाडू भरलेल्या तोंडाने उचलला.

मग मी सलीलला फोन लावला, चांगला फैलावर घेण्यासाठी. तो म्हणाला, "सॉरी भाऊजी. डोक्यातच आलं नाही. आणि खरं म्हणजे गोळ्या मी मागच्या महिन्यातच घेतल्या. दुकानदाराने सांगितल्या त्या."

"मग मला कशाला विचारत होतास?"

तो हळूच म्हणाला, "ताई म्हणाली होती. भाऊजींना काहीतरी विचारत जा, म्हणजे ते तिच्या आमटीत लक्ष घालत नाहीत."

मी हेमाकडे पाहिलं. ती पायसला आणखी एक लाडू वाढण्यात गुंतली होती.

"भाऊजी, रागावू नका," सलील घाईघाईने म्हणाला. "आता मला कॅम्पिंगसाठी तंबू घ्यायचाय. त्यातलं तुमचं मत मात्र खरंच हवंय."

ही मलमपट्टी आहे हे न कळण्याइतका मी खुळा नाही. मी ताठ बसलो आणि म्हणालो, "तंबूचं कापड हातात घेतल्याशिवाय काही सांगता येणार नाही. तिकडून कोणी येतंय का?"