हळदीपुरते वर्गणीदार

मेहुण्याच्या हळदीचं निमंत्रण आपल्याच पेपरच्या ॲपवर टाकावं, एवढाच काय तो माझा निर्णय. यात कुणाचं काही वाकडं होईल असं मला वाटलं नव्हतं. छापील पत्रिकेत नावं कोंबता कोंबता जागा संपते आणि ज्याचं नाव राहतं तो सात पिढ्या बोलत नाही. ॲपवर जागेला तोटा नाही. (हे वाक्य मी ऑफिसात सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणालो होतो, म्हणून आता नाकारता येत नाही.)

ऑफिस म्हणजे उल्हासनगर कॅम्प चारमधलं दैनिक ‘उल्हासकाठ’. मालक मोहनशेठ. त्यांचा मूळ धंदा लग्नपत्रिका छापायचा, पेपर ही हौस. कागद महागला तसा शेठनी पेपर मोबाईलवर नेला आणि मला उपसंपादकावरून ‘रिटेन्शन मॅनेजर’ केलं. खुर्ची तीच राहिली. काम सोपं होतं: नवे वर्गणीदार आणायचे आणि आलेले जाऊ द्यायचे नाहीत. पण बातमी ही व्हॉट्सॲपवर आपोआप उगवते असं ज्यांना वाटतं, त्यांच्याकडे वर्गणी कुठल्या तोंडाने मागायची? आमच्या अख्ख्या मोरिवलीत ॲपचा एकच वर्गणीदार होता. तो मी, आणि मला ते फुकट होतं.

“साईं,” शेठ म्हणाले, “दिवाली तक मेंबर बढे तो पेपर चलेगा. नहीं तो बंद. तू फिर बाजू के टेबल पे बैठ के पत्रिका पे गणपती चिपकाएगा.”

अशा अवस्थेत मी मेहुण्याच्या, म्हणजे दिपेशच्या हळदीचं निमंत्रण टाकलं. आमच्या ॲपवर कुठल्याही मजकुराच्या चार ओळी फुकट दिसतात, पुढे पडदा पडतो आणि ‘वर्गणीदार व्हा’ येतं. इथे नवरा-नवरीचं नाव दिसलं, तारीख दिसली, माझ्या सासुरवाडीचा, चामटोलीचा पत्ता दिसला, ‘निमंत्रक’ हा शब्द दिसला आणि पडदा पडला. हे मी मुद्दाम केलं नव्हतं. (शेठना मुद्दाम केलं असंच सांगितलं.)

तारीख आणि पत्ता चामटोलीत सगळ्यांना पाठ होता. प्रश्न एकच होता, निमंत्रकांत आपलं नाव आहे का, आणि आपल्या वर कोणाचं आहे? जन्मात पेपर न उघडलेली माणसं पटापट वर्गणीदार झाली. मला चेव चढला. आमचं ॲप बदलापूरचा सम्यक सांभाळतो, त्याला सांगून मी सोय करून घेतली की चामटोलीतून जो वर्गणीदार होईल त्याचं नाव निमंत्रकांत आपोआप चढेल. दुसऱ्या दिवशी शेठनी सगळ्या ऑफिसला मिठाई वाटली आणि मला दोन तुकडे दिले.

तिसऱ्या दिवशी सासऱ्यांचा फोन आला. सासरे, म्हणजे हरिचंद्रमामा, फोनवरही शेताच्या पलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखे बोलतात.

“जावई, यो काय परकार? माजे पोराची हलद, न माजाच नाव तली कनाला?”

“तळाशी? मामा, मी स्वतःच्या हाताने तुमचं नाव सगळ्यात आधी घातलंय.”

“मंग वर त्यो शंकऱ्या कसा बसलाय? बांध खाल्लान माजा, आता हलद बी खातंय!”

शंकर हा मामांचा चुलत भाऊ. बांधावरून दोघांचं बोलणं बंद होतं, निमंत्रण फक्त रीत म्हणून गेलेलं. मी सम्यकला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, “सर, न्यूजचं ॲप आहे. ताजं वर, शिळं खाली. जो लेटेस्ट मेंबर, तो टॉपला.” म्हणजे मी मान देण्यासाठी ज्यांना सर्वांत आधी घातलं, ते मामा सर्वांत शिळे ठरले होते.

मामा शाळेत फार गेले नाहीत, पण मेख त्यांनी एका दुपारी ओळखली. वर्गणी रद्द केली, पुन्हा घेतली आणि वर जाऊन बसले. संध्याकाळी शंकरने तेच केलं. मग ते सगळ्या गावाला कळलं. लोक सकाळी उठून आधी वर्गणी रद्द करू लागले, मग पुन्हा घेऊन दात घासू लागले. शेठना फक्त नव्या वर्गणीदारांचा आकडा दिसत होता आणि ते ‘जियो साईं’ म्हणत माझी पाठ थोपटत होते. जितके येतात तितकेच जातात, हे फक्त मला दिसत होतं. थोपटणाऱ्या हाताला कोण अडवतं?

घरी मात्र बायकोने, रिद्धीने अडवलं.

“अहो, बाबा नीट जेवत नाहीयेत. दिवसभर मोबाईल धरून बसलेत. म्हणतात, नाव तळाशी राहिलं तर मी पोराच्या हळदीला बसणारच नाही. दादाचं तोंड बघवत नाही. काढून टाका ना ते!”

“काढलं तर सगळे वर्गणीदार जातील. माझी नोकरी जाईल.”

“आणि नाही काढलं तर माझं माहेर जाईल. आधी काय घालवायचंय ते ठरवा.”

मी सम्यकला गाठलं. एखादं नाव सगळ्यात वर कायमचं अडकवता येतं का? “येतं ना सर, पिन करता येतं. बटण दाबा, हळद होईपर्यंत हलणार नाही. फक्त...” फक्तच्या पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. बटण दाबलं, फोन बंद केला आणि आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो.

फक्तच्या पुढे असं होतं, की निमंत्रण ज्याने टाकलं त्याचंच नाव पिन होतं. सकाळी चामटोलीने ॲप उघडलं तेव्हा सर्वांत वर, ठळक अक्षरांत, मुख्य निमंत्रक म्हणून झळकत होते भूपेश, जावई, मोरिवली. म्हणजे मी. मेहुण्याच्या हळदीला जावई यजमान!

मामा हळदीला बसले. त्यांचं नाव सगळ्यात वर नसलं, तरी आता शंकरही वर नव्हता. मी मांडवात शिरलो तेव्हा दोघं एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बोलत होते. इतक्या वर्षांचा अबोला माझ्यामुळे मिटला, म्हणून मी कौतुकाने जवळ गेलो. विषय मीच होतो.

“या, यजमान,” शंकरमामा म्हणाले. “मटन कमी परलाय, बघा जरा.”

पुढची सगळी संध्याकाळ मी बघत होतो. बर्फ संपला, मला विचारा. डीजेची वायर निसटली, मला विचारा. कोणाच्या काकांना रस्सा झोंबला, त्यांनी येऊन मलाच दाखवला. जावयाच्या पहिल्या पंगतीचा मान होता, तो राहिला. मी शेवटच्या पंगतीला बसलो तेव्हा पातेल्यात कांदा शिल्लक होता.

दुसऱ्या दिवशी अख्ख्या चामटोलीने वर्गणी रद्द केली. ॲप जाताना कारण विचारतं. सगळ्यांनी लिहिलं होतं, ‘कार्य पार पडलं.’ शेठनी बाजूच्या टेबलावर गोंदाची बाटली ठेवली आणि पंखा लावून दिला.

पण एक वर्गणीदार राहिला होता. हरिचंद्रमामा! माझे डोळे भरून आले. रागावलेत, पण जावयाच्या पोटावर पाय काही त्यांनी आणला नाही. मी लगेच फोन लावला.

“मामा, सगळे गेले, तुम्ही एकटे थांबलात. फार बरं वाटलं मला.”

“थांबनारच. रोज सकाली उघरून बघतंय.”

“काय बघता? अग्रलेख?”

“नाय. त्या श्रद्धांजलीचा पान. तुमचा नाव सगल्यांचे वर बघाची सवय जाली ना, जावई. आता त्या पानाव कवा येतंय, त्या बघतंय.”

शेवटी मी रिटेन्शन मॅनेजर. आलेला वर्गणीदार जाऊ द्यायचा नाही. मी म्हणालो, “मामा, मग वर्षाची वर्गणी घ्या ना, तुम्हाला सवलतीत देतो.”

“नको,” मामा म्हणाले, “महिन्याचीच बस जाली.”