शहाऐंशीच्या वेगाने उभी स्कूटर

सावळीराम मोजाड यांची स्कूटर मोटारहोमच्या मागे आडवी बांधायची की उभी, या प्रश्नावर शुक्रवारी पाथर्डी फाट्याच्या एका वेल्डिंगच्या शेडमध्ये दीड तास गेला.

"बाबा, सगळ्या जगात आडवीच बांधता," वेल्डर भिकन म्हणाला. "मी व्हिडिओत पाहेल हे."

"आडवी बांधली तर नंबर कुठून दिसेल?"

"साईडनं."

"नंबर मागून दिसला पाहिजे. नंबर लपवून नेतात ती चोरीची गाडी असते."

भिकनने किशोरकडे पाहिलं. किशोर हा सावळीरामांचा मुलगा आणि मोटारहोमचा मालक. शाळेची मुलं वाहून थकलेली एक सतरा सीटची गाडी घेऊन त्याने तिच्यात दोन पलंग, एक शेगडी आणि एक बेसिन बसवलं होतं. विंचूरकडे वाईन प्यायला येणारे पर्यटक ही गाडी भाड्याने घेतील, असा त्याचा अंदाज होता. पर्यटकांचा तसा अंदाज अजून झालेला नव्हता. पहिली प्रवासी म्हणून शनिवारी चांदवडची शकूआत्या येणार होती, आणि ती घरचीच होती.

शकूआत्या म्हणजे सावळीरामांची मोठी बहीण. तिला आणायलाच हवं होतं, कारण रविवारी देवळाली कॅम्पच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात सावळीरामांचा सत्कार होता. एकतीस वर्षं एकच स्कूटर चालवून एकदाही दंड न भरल्याबद्दल. बॅनर छापून झाला होता. त्यावर 'एकतीस वर्षे, एकही दंड नाही' असं लिहिलं होतं आणि खाली स्कूटरचा फोटो सावळीरामांच्या फोटोपेक्षा मोठा होता.

आत्याचे गुडघे दुमडत नव्हते. तिला झोपवून आणावं लागणार, म्हणून मोटारहोम. पण तिच्या घराची गल्ली इतकी अरुंद, की मोटारहोम हायवेलाच थांबणार. तिथून घरापर्यंत जायला स्कूटर. आणि स्कूटर न्यायची तर मोटारहोमच्या पाठीवर. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

शेवटी भिकनने स्कूटर उभी बांधली. तोंड मोटारहोमच्या मागच्या काचेकडे, पाठ रस्त्याकडे. सावळीरामांनी टूथपावडरने नंबरप्लेट घासली. दहा पावलं मागे जाऊन वाचली. मग वीस पावलं मागे जाऊन वाचली. मोटारहोमची स्वतःची नंबरप्लेट स्कूटरच्या पुढच्या चाकामागे कुठेतरी गेली. ती कुणीच वाचली नाही.

सावळीराम पोस्टातून निवृत्त झालेले. सिग्नल बंद पडलेला असला, तरी तो चालू असता तर जितका वेळ थांबावं लागलं असतं तितका वेळ ते थांबत. स्कूटर पिस्ता रंगाची होती आणि तिचा वेग हा नातेवाइकांत करमणुकीचा विषय होता. एकदा शकूआत्याची मालेगावची एस्टी गाठून द्यायला ते निघाले होते. एस्टी मालेगावला जाऊन परत येताना त्यांना समोरून भेटली. हा किस्सा आत्या प्रत्येक लग्नात सांगायची.

शनिवारी सकाळी किशोर चालवायला, त्याची बायको छाया त्याच्या शेजारी, आणि सावळीराम पांढरी टोपी घालून मागच्या पलंगावर, मागच्या काचेला नाक लावून. स्कूटरवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच होतं.

ओझर मागे पडलं आणि त्यांचा फोन वाजला. त्यांनी मेसेज वाचला. चष्मा पुसून परत वाचला.

"किशोर, आपली स्कूटर कुठंय?"

"तुमच्या समोर, बाबा."

"समोर आहेच. पण ती आत्ता ओझरला शहाऐंशीच्या स्पीडने गेली म्हणे. चलान आलंय."

छाया मागे येऊन बसली. दोघांनी काचेतून स्कूटरकडे पाहिलं. स्कूटर चार पट्ट्यांनी बांधलेली होती आणि निर्दोष दिसत होती.

"चालवत कोण होतं?" छायाने विचारलं.

"त्याचं नाव नाही. हेल्मेट नव्हतं एवढंच लिहिलंय."

"मग डुप्लिकेट असेल. आमच्या योगा क्लासमध्ये एकीला सुरतेचं चलान आलं, आणि तिची गाडी इथे पंक्चर होऊन उभी. लोक नंबर चोरतात, बाबा."

सावळीरामांचा चेहरा कोरा झाला. एकतीस वर्षं सांभाळलेला नंबर. उद्याचा बॅनर. आणि कुणीतरी बिनहेल्मेटचा माणूस तो नंबर लावून याच रस्त्याने उधळत होता.

"फोटो बघा ना," किशोर पुढून म्हणाला. "लिंक दिलेली असते."

लिंक उघडली. मध्ये एक गोल फिरायला लागला आणि फिरतच राहिला.

"दहा बेचाळीसला ओझर," सावळीराम मोजू लागले. "आता दहा छप्पन. म्हणजे तो आपल्या पुढेच आहे."

"बाबा, दहा बेचाळीसला मीपण ओझरलाच होतो. मला नाही दिसला."

"तुझं लक्ष कुठे असतं." ते पुढे आले, सीटच्या पाठीला धरून उभे राहिले आणि त्यांनी आयुष्यात कधी न उच्चारलेला शब्द उच्चारला. "पळव."

किशोरने आरशात पाहिलं. लायसन्स मिळाल्यापासून अठरा वर्षं तो या शब्दाची वाट पाहत होता. त्याने पळवली. बेसिनखालची पातेली बाहेर आली, शेगडी सरकली, आणि सावळीराम स्कूटर बघायला परत मागच्या काचेशी गेले.

वडाळीभोईला दुसरा मेसेज आला. वेग त्र्याण्णव.

"आपण जवळ आलोय," सावळीराम म्हणाले. "त्याला कळलंय आपण मागे आहोत. त्यानेही वेग वाढवला."

"मग मी अजून वाढवू?"

"नको. तो घाबरून पडेल बिचारा. हेल्मेट नाहीये त्याला."

चांदवड फाट्याला तो सापडला. चहाच्या टपरीपुढे पिस्ता रंगाची स्कूटर उभी होती. तिच्यावर कांद्याच्या रोपांचं गाठोडं, शेजारी मुंडासं बांधलेला एक म्हातारा बशीतून चहा पीत होता. हेल्मेट नव्हतं. किशोरने मोटारहोम त्याच्यापुढे आडवी घातली. सावळीराम खाली उतरले.

"नाव काय तुमचं?"

"गेणू."

"ओझरहून शहाऐंशीच्या वेगाने आलात ना?"

"वझर?" गेणूबाबाने बशी खाली ठेवली. "मी मागच्या मळ्यातून येऊन राहिलो. अर्धा तास झाला निघून."

"मळा किती लांब आहे?"

"त्यो काय, दिसतोय."

छायाने गेणूबाबाच्या स्कूटरचा नंबर पाहिला. तो वेगळाच होता. शेवटचे तीन आकडे चिखलात होते, पण पहिलाच जुळत नव्हता.

"बाबा, ही ती नाही."

"ही शहाऐंशीनं गेली म्हणता?" गेणूबाबाला आता रस वाटू लागला. "ही पन्नासनं गेली तर मी गावात पेढे वाटीन." तो उठला, मोटारहोमच्या मागे गेला आणि बराच वेळ उभा राहिला. "पाव्हणं, ह्या स्कूटरचा नंबर लय झ्याक दिसतोय. पण तुमच्या मोठ्या गाडीला नंबर नाय का?"

तिघेही मागे गेले. किशोर खाली वाकला. स्कूटरच्या चाकामागे हात घालून त्याने चाचपलं.

"आहे," तो म्हणाला. "हाताला लागतोय."

त्याच वेळी फोनमधला गोल फिरायचा थांबला आणि फोटो उघडला. फोटोत पिस्ता स्कूटर स्वच्छ दिसत होती. नंबर टूथपावडरमुळे दागिन्यासारखा चमकत होता. हँडलच्या बरोबर वर, काचेमागे, सावळीरामांचं डोकं होतं. हेल्मेट नव्हतं. वाकडी झालेली पांढरी टोपी होती, आणि डोळे थेट कॅमेऱ्यात.

"बाबा," छाया म्हणाली, "तुम्ही उलटे बसून चालवताय असं दिसतंय."

"शहाऐंशीनं," गेणूबाबा म्हणाला आणि राहिलेला चहा प्यायला.

सावळीराम टपरीच्या बाकड्यावर बसले. "उद्या काय तोंड दाखवू?" एवढंच ते म्हणाले. मग स्कूटर उतरवली आणि नेहमीच्या वेगाने, म्हणजे बऱ्याच वेळाने, ते शकूआत्याला हायवेवर घेऊन आले. पाय लांब ठेवून ती मागे तिरकी बसली होती. एस्टीचा किस्सा तिने गल्लीतच एकदा सांगून घेतला होता.

आत्याला पलंगावर झोपवलं, स्कूटर पुन्हा बांधली आणि किशोर फोन घेऊन बसला.

"बाबा, तक्रार टाकली की दोन्ही चलानं रद्द होतील. फोटोच पुरावा आहे. उद्याच्या आत होईल का माहीत नाही, पण गायधनी सरांना दाखवता येईल तक्रार केली म्हणून." गायधनी सर मंडळाचे अध्यक्ष. किशोर टाईप करत करत वाचू लागला. "सदर स्कूटर दुसऱ्या वाहनावर बांधलेली होती. तसेच सदर स्कूटर जुनी असून ती एवढ्या वेगाने जाऊच शकत नाही."

"बघू तो फोटो," आत्या पडल्या पडल्या म्हणाली. तिने फोटो हातभर लांब धरून पाहिला, मग खालचा आकडा पाहिला. "सावळ्या, ही आपलीच स्कूटर ना रं?"

"आपलीच."

"शहाऐंशी? सरकारनं लिवलंय?"

"सरकारनं."

आत्याने फोटो पुन्हा हातभर लांब धरला. "मंग त्या दिशी येश्टीच लय जोरात गेली असंल," ती म्हणाली.

सावळीरामांनी किशोरच्या हातातून फोन घेतला. "ते शेवटचं वाक्य खोड."

"मग काय लिहू?"

"काही लिहू नकोस. नंबर माझा, डोकं माझं. 'पळव' मीच म्हटलं. खोटं कशाला सांगायचं."

"बाबा, पण उद्याचा सत्कार?"

"सत्कार नाही घ्यायचा." हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, की छायाने वळून पाहिलं.

रविवारी अकरा वाजता ते मंचावर उभे राहिले. "मी ही शाल घेऊ शकत नाही," ते म्हणाले. "काल माझ्या स्कूटरला दोन चलानं झाली. एक शहाऐंशीचं, एक त्र्याण्णवचं. दोन्ही वेळी मी हजर होतो. स्कूटर मोठ्या गाडीवर बांधलेली होती, हेही सांगतो." शेवटचं वाक्य म्हणताना माईक जरा लांब गेला.

चलानाचा फोटो उघडलेला फोन पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत गेला. चष्मे वर-खाली झाले. एकानेही नाराजी दाखवली नाही. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी हात वर केला.

"मोजाड, ऑईल कोणतं टाकता?"

सावळीरामांनी किशोरकडे पाहिलं, मग बॅनरवरच्या स्कूटरकडे.

"नेहमीचंच," ते म्हणाले. हे खरं होतं.

शाल परत नेणं बरं दिसलं नसतं. गायधनी सरांनी ती शकूआत्याच्या अंगावर घातली, अशा गाडीवर मागे बसून आल्याबद्दल. आत्याने भाषण केलं नाही. फक्त एस्टीचा किस्सा सांगितला, आणि या वेळी त्यात एस्टी थोडक्यात सुटली.

दोन्ही दंड सावळीरामांनी सोमवारीच भरले आणि पावत्या प्लास्टिकमध्ये घातल्या. भिकन पट्ट्या काढून स्कूटर आडवी करायला आला होता. त्यांनी त्याच्याकडून मोटारहोमचा नंबर मागच्या काचेच्या वर, हातभर आकड्यांत रंगवून घेतला. नियम तो नियम. स्कूटर मात्र उभीच ठेवली.

बुधवारी आत्याला परत सोडायला निघाले, तेव्हा सावळीराम हेल्मेट आणि टोपी दोन्ही घेऊन मागच्या काचेशी बसले. ओझर जवळ आलं तशी त्यांनी पुढे हाक मारली.

"किशोर, कॅमेरा आला की जरा आधी सांग."

"हळूच चालवतोय, बाबा. काळजी नको."

"त्यासाठी नाही रे," सावळीराम काचेत बघून टोपी सरळ करत म्हणाले. "मागच्या वेळी वाकडी आली होती."