फिटिंगची स्लीपिंग बॅग

"अडीच हजार?" मास्तरांनी लेबल डोळ्यांजवळ नेलं, मग हात लांब करून पाहिलं. आकडा दोन्हीकडून तेवढाच राहिला.

"बाबा, आरामशीर बॅगांमध्ये हीच सगळ्यांत स्वस्त आहे," सूनबाई म्हणाली. "बाकीच्या पाच हजारांच्या पुढे. दोन दिवस शोधतेय मी."

मास्तरांनी स्लीपिंग बॅग काउंटरवर पालथी घातली, आतली बाजू बाहेर काढली आणि शिवणीवर बोट फिरवलं. "इंचाला सहा टाके! याला शिलाई म्हणतात? आणि ढगळ किती आहे बघ. दोन माणसं राहतील यात."

"झोपायचंय त्यात बाबा, मिरवायचं नाहीये."

"काका, ती सुलटी करून ठेवा हं," विक्रेता केविलवाण्या आवाजात म्हणाला.

पण मास्तर आता ऐकण्यातले नव्हते. गेली तीस वर्षं ते कपडे शिवत होते आणि त्यांच्या कोटाला सुरकुती पडली असं म्हणायची कोणाची छाती झाली नव्हती. 'ढगळ' हा त्यांच्या लेखी शिवीतला शब्द होता. आणि अशा माणसाच्या घरात आठ महिन्यांपूर्वी ही सून आली. ती फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे हातपाय वाकवायचे आणि सरळ करायचे, त्यामुळे अंगात कायम रेडिमेड, सैलसर शर्ट. मास्तरांनी चारदा विचारलं होतं, "तुझ्यासाठी एखादा शर्ट शिवू का?" चारही वेळा ती गोड हसून म्हणाली होती, "नको बाबा, उगाच तुम्हाला त्रास." तो 'उगाच' मास्तरांना सुईसारखा टोचायचा. सगळं गाव आपल्या हातचं घालतं आणि घरातलीच सून नाही, याचं त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. कपडा नाही तर नाही, निदान पांघरूण तरी तिनं आपल्या हातचं घ्यावं.

म्हणून मुलगा, सून आणि सासू-सासरे अशा चौघांसाठी तळ्याकाठच्या दोन दिवसांच्या कॅम्पिंगचा बेत सुनेनं आखल्यावर त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

"चौघांच्या चार बॅगा मीच शिवतो. आधी माझी, मग तिच्यावरून बाकीच्या. निघायचं शनिवारी ना? आज सोमवार."

सूनबाईनं क्षणभर विचार केला. "बरं. गुरुवारी दुपारपर्यंत एक करून दाखवा. आराम वाटला तर ठीक. नाहीतर संध्याकाळी मी येऊन याच घेणार."

"मान्य!" मास्तर म्हणाले आणि उलटी बॅग तशीच टाकून निघाले.

त्याच दिवशी आपल्या शिलाईच्या दुकानातल्या आरशासमोर उभं राहून त्यांनी बायकोकडून स्वतःचं माप घेववलं. छाती पुढे, पोट आत, हात मांड्यांना चिकटलेले.

"अहो, झोपेत कोण पोट आत ओढून धरतं?" बायकोनं विचारलं.

"फिटिंगचं माप असंच घ्यायचं असतं."

बाहेरून रेनकोटचं कापड, मध्ये जुन्या रजईचा कापूस पिंजून, आतून बाटलीच्या हिरव्या रंगाचं तलम अस्तर. खांद्यांना गोलाई, कमरेला दोन चुण्या, खाली घोट्यांपर्यंत निमुळती. गुरुवारी दुपारी मास्तर त्या बॅगेत शिरून आरशासमोर उभे राहिले, तेव्हा नवऱ्यामुलाच्या सुटाची कळा तिला आली होती.

"चेन लाव. पार हनुवटीपर्यंत."

बायकोनं चेन ओढली. तेवढ्यात वर, घरात, फोन वाजला. "ताईचा असेल!" म्हणून ती जिना चढून गेली. ताईचा फोन आजवर अर्ध्या तासाच्या आत संपलेला नव्हता.

मास्तरांनी पुढून बॅग पाहिली आणि ते खूश झाले. मग पाठ कशी बसलीय ते बघावं असं त्यांच्या मनात आलं. वळायला पाय हलेनात, म्हणून त्यांनी उडी मारली. पहिली उडी बरी पडली. दुसरीही. तिसऱ्या उडीला इस्त्रीचं टेबल आडवं आलं आणि मास्तर शिलाई मशीन आणि कापडाचं कपाट यांच्या फटीत उताणे पडले. कापूस चांगला असल्यामुळे लागलं काहीच नाही. मात्र चेन उघडायला गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चेनची पट्टी बाहेर आहे आणि आपण आत. तीस वर्षं त्यांनी पँटींना आणि जॅकेटांना चेन लावली होती. गिऱ्हाईक आतून चेन उघडेल हा प्रसंगच कधी आला नव्हता.

"मास्तर, आहात का?" दारातून आवाज आला. कोटाच्या ट्रायलसाठी बँकेचे मॅनेजर आले होते.

"या साहेब, बसा," जमिनीवरून उत्तर आलं.

मॅनेजरांनी इकडेतिकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "हे काय?"

"स्लीपिंग बॅग. तेवढी चेन खाली ओढता का?"

मॅनेजरांनी पट्टी धरून जोरात हिसका दिला. चेनमध्ये अस्तर अडकलं आणि पट्टी मॅनेजरांच्या हातात आली. ती खिशात टाकता टाकता त्यांनी वाकून नीट पाहिलं.

"मास्तर, हे अस्तर ओळखीचं वाटतंय."

"उरलं होतं, साहेब."

"मला म्हणालात, अस्तर कमी पडलं, आतला खिसा एकच निघेल."

मास्तरांनी डोळे मिटले. त्या अवस्थेत माणसाला दुसरं काही करताही येत नाही.

नेमकी त्याच वेळी सूनबाई दवाखान्यातून जेवायला आली. तिनं पर्स ठेवली आणि सवयीनं सूचना सुरू केल्या. "बाबा, घाबरू नका. आधी गुडघे वाकवा आणि डाव्या कुशीवर वळा."

"गुडघे वाकत नाहीत."

"दुखतायत?"

"फिटिंग आहे."

सूनबाईनं ओठ चावून हसू दाबलं आणि टेबलावरची मोठी कात्री उचलली.

"कात्री ठेव!" मास्तर कळवळून ओरडले. "तीन दिवसांची मेहनत आहे. कापू नकोस, उसव. ब्लेड घे आणि डाव्या काखेपासून खाली ये."

"इंचाला किती टाके आहेत?"

"चौदा. दुहेरी शिलाई."

"मग वेळ लागेल बाबा."

"लागणारच! माझी शिलाई आहे," मास्तर अभिमानानं म्हणाले आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

मॅनेजरांनी कापड ताणून धरलं, सूनबाई एकेक टाका उसवू लागली. मधूनच दोघं मिळून बॅग ओढत होती, सरकवत होती. दहा मिनिटांनी आतून एकसुरी आवाज येऊ लागला.

"बेशुद्ध पडले की काय?" मॅनेजर घाबरले.

सूनबाईनं वाकून श्वास पाहिला. "घोरतायत."

मास्तर जागे झाले तेव्हा डावी शिवण पायापर्यंत मोकळी होती. दुसरा खिसा सोमवारपर्यंत हवा, असा निरोप ठेवून मॅनेजर गेले होते. सूनबाई शेजारीच जमिनीवर बसून सुटलेले दोरे गोळा करत होती. मास्तरांना तिच्याकडे बघवेना.

"जा, त्या दुकानातल्याच घेऊन ये," ते पुटपुटले. "ढगळ तर ढगळ. मी हरलो."

"चार नको. तीनच आणते."

"तीन? मग चौथी?"

"माझी तुम्ही शिवा." तिनं उसवलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "दुकानातल्या बॅगेत मी पाच मिनिटं पडून पाहिलं होतं. शिवण मानेला घासत होती. इथं दोन माणसं ओढाताण करत असताना तुम्ही घोरत होतात. पण बाबा, माप उभ्यानं द्यायचं नाही."

असं म्हणून ती कापायच्या टेबलावर चढली, कुशीवर आडवी झाली आणि गुडघे पोटाशी घेऊन तिनं डोळे मिटले. फोन आटपून खाली आलेली मास्तरांची बायको जिन्यातच थबकली.

"अगं बाई! हे काय चाललंय?"

"माप देतेय, आई."

बायकांची मापं दुकानात तीच घ्यायची. तिनं टेप उचलली, डोक्याकडून पायाकडे पाहिलं, पायाकडून डोक्याकडे पाहिलं. सुरुवात कुठून करायची ते तिला कळेना. मास्तर वही उघडून दाराशी रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. पाचव्यांदा न विचारता मिळालेलं माप होतं ते.

"पाठीपासून गुडघ्यापर्यंत, तीस!" बायकोनं ओरडून सांगितलं.

मास्तरांनी वहीत पस्तीस लिहिलं.